नकाशावरचं पाणी किती वाजताचं? ठाण्याच्या वेबनकाशावर डायनॅमिक लेअर चढवण्याचा अनुभव

ठाण्यात पाणी कुठे साचतं हे सांगायला नकाशा लागत नाही. चिखलवाडी, वंदना सिनेमाचा परिसर ही नावं नौपाड्यात राहणाऱ्या कुणालाही पाठ असतात. अवघड आहे ते 'आत्ता, या घडीला' तिथे पाणी आहे की ओसरलं हे दाखवणं. जानेवारीत हे काम हाती घेतलं तेव्हा लेअर (नकाशावर चढवायचा माहितीचा थर) जोडणं म्हणजे कोडच्या चार ओळी असं वाटलं होतं. त्या चारच असतात, पण जुलैपर्यंतचा वेळ गेला तो त्यांच्यामागचा डेटा किती वाजताचा आहे हे सांभाळण्यात. आपल्या गावाचा असा नकाशा कुणाला करायचा असेल तर वाटेत काय काय लागतं, ते घडलं त्या क्रमाने लिहितोय.

आधी शब्दाचा गोंधळ सोडवू. साध्या टाइल लेअरमध्ये २५६ बाय २५६ पिक्सेलची चित्रं आधीच काढून ठेवलेली असतात, ब्राउझर ती फक्त उचलून आणतो. डायनॅमिक लेअरमध्ये प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हर डेटाबेसकडे जातो, फिल्टर लावतो आणि त्या क्षणी चित्र काढून देतो. रस्ते आणि इमारती पहिल्या प्रकारात ठेवायच्या, पाण्याच्या नोंदी दुसऱ्या. आम्ही जूनपर्यंत सगळंच दुसऱ्या प्रकारात घातलं होतं, त्याची किंमत पुढे येते.

सुरुवात कागदांपासून झाली. ८ जानेवारीला माहिती अधिकाराचा अर्ज राज्याच्या ऑनलाइन पोर्टलवरून केला. फी १० रुपये. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, त्यामुळे पाणी साचण्याच्या ठिकाणांची यादी आणि नाल्यांचा नकाशा हे एकाच अर्जात कोंबू नका, दोन वेगळे अर्ज करा. आम्ही कोंबले. उत्तर तिसाव्या दिवशी आलं: माहिती मागितलेल्या स्वरूपात उपलब्ध नाही. वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील केलं (त्याला उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत असते) आणि मार्चच्या मध्यावर प्रत्यक्ष पाहणीला बोलावणं आलं. तिथे यादीच्या १४ पानांच्या झेरॉक्स दोन रुपये पानाप्रमाणे आणि एका सीडीवर नाल्यांची कॅडची (संगणकावर काढलेल्या आराखड्याची) फाइल मिळाली. सीडीचे ५० रुपये धरून कागदोपत्री खर्च १०८ रुपये. वेळ मात्र सव्वादोन महिने गेला. म्हणून पावसाळ्यासाठी काही करायचं असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाका. आणि अर्जात 'सॉफ्ट कॉपी' एवढंच न लिहिता 'ज्या मूळ फाइलमध्ये ठेवली आहे त्याच स्वरूपात' असं लिहा.

नकाशा प्रसिद्ध करायला परवानगी लागते का, हा प्रश्न वाट पाहण्याच्या काळात बराच छळत होता. १५ फेब्रुवारी २०२१ ला विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना नकाशे बनवायला, प्रसिद्ध करायला पूर्वपरवानगी लागत नाही. ते वाचून हायसं वाटलं. एक गोष्ट मात्र सांभाळायची: देशाची सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच दिसली पाहिजे, आणि बाहेरच्या बेसमॅपवर ती तशी असतेच असं नाही. शहराच्या नकाशाला देशाची सीमा लागतच नाही. कमीत कमी झूम ११ वर बांधला आणि नकाशाची हद्द रेखांश ७२.९० ते ७३.१०, अक्षांश १९.१० ते १९.३२ अशी घातली. घोडबंदर रोडपासून दिव्यापर्यंत आणि खाडीपलीकडची ऐरोली एवढं त्यात बसतं.

मार्चअखेर ते एप्रिल हा सगळा काळ डेटा साफ करण्यात गेला. कॅडच्या फाइलला पृथ्वीवरचा पत्ताच नव्हता. नाल्यांच्या रेषा कुठल्यातरी स्थानिक शून्यापासून मोजलेल्या होत्या. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये रेल्वेचे पूल, मासुंदा तलावाचे कोपरे, खाडीवरचे पूल असे न हलणारे नऊ बिंदू जुळवून ती बसवली. चार बिंदूंवर काम होतं, पण एखादा चुकला तर चारात कळत नाही, नऊ असले की उरलेली चूक आकड्यात दिसते. मोजमाप यूटीएम ४३ उत्तर या निर्देशांक पद्धतीत (तिचा ठरलेला क्रमांक ईपीएसजी ३२६४३) ठेवलं, कारण ठाणे ७२ ते ७८ अंश रेखांशाच्या पट्ट्यात येतं आणि अंतर थेट मीटरमध्ये मिळतं. वेबवर दाखवताना वेबनकाशांची नेहमीची पद्धत, ईपीएसजी ३८५७.

मग मराठीचा प्रश्न. नाल्यांची नावं जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली होती, उघडल्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. कन्व्हर्टरमधून काढूनही जोडाक्षरं हाताने तपासावी लागली. ती शेपफाइल या नकाशाच्या जुन्या फाइल प्रकारात साठवली आणि दुसरा फटका बसला: शेपफाइलच्या मजकुराच्या कॉलममध्ये २५४ बाइट बसतात, युनिकोड साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे जेमतेम ८४ चिन्हं. काना-मात्रासुद्धा वेगळं चिन्ह म्हणून मोजला जातो. 'समोरील' च्या ऐवजी 'समोर' वर संपलेली वर्णनं बघून ते लक्षात आलं. कॉलमचं नावही १० अक्षरांतच बसतं. जिओपॅकेज हा नवा फाइल प्रकार वापरा, दोन्ही अडचणी मिटतात.

मराठी लेबलांमुळेच पुढचा मोठा निर्णय झाला. आजकाल सगळे व्हेक्टर टाइलकडे जातात (तीत चित्राऐवजी रेषा-बिंदूच येतात, रंगवायचं काम ब्राउझरचं), आणि पोस्टग्रेस डेटाबेसच्या पोस्टजीआयएस या नकाशासाठीच्या जोडणीतून ती थेट काढता येते. एप्रिलमध्ये आम्हीही तेच करून पाहिलं. पण त्या टाइल दाखवणाऱ्या आणि ब्राउझरमध्ये अक्षरंही स्वतः रंगवणाऱ्या लायब्ररीला देवनागरीची जुळणी जमत नव्हती: 'दिवा' मधली वेलांटी द च्या मागे जाऊन बसायची, 'मुंब्रा' चा ब्र फुटायचा. आपल्या गावाचं नाव मोडकं दाखवणारा नकाशा लोकांपुढे ठेवायचा नाही, हे तिथेच ठरलं. लेबलं सर्व्हरवर काढायची, म्हणजे चित्र काढणारा जिओसर्व्हर, ते मागायची डब्ल्यूएमएस ही पद्धत, आणि पुढे ब्राउझरमध्ये नकाशा दाखवणारी लीफलेट ही लायब्ररी. सर्व्हरवर नोटो सान्स देवनागरी फॉन्ट टाकायला विसरलात तर मराठीच्या जागी चौकोन येतील. फॉन्ट टाकून जिओसर्व्हर पुन्हा चालू केला की ते जातात.

सर्व्हर चार जीबी मेमरीचा, भाडं महिन्याला साधारण दोन हजार रुपये. दोन जीबीवर जिओसर्व्हर आणि पोस्टग्रेस एकत्र तग धरत नाहीत. बसवल्या बसवल्या दोन कामं करा. मूळचा पासवर्ड बदला (अॅडमिन आणि जिओसर्व्हर ही जोडी जगाला माहीत आहे) आणि आवृत्ती बघा. २०२४ मध्ये सीव्हीई-२०२४-३६४०१ नावाची गंभीर त्रुटी उघड झाली होती, तिच्यातून लॉगिन न करता सर्व्हरवर कोड चालवता यायचा. २.२३.६, २.२४.४, २.२५.२ यांच्या आधीची आवृत्ती उघड्या इंटरनेटवर ठेवू नका. प्रशासनाचं पान तर त्याच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्स या वेबसर्व्हरमधूनच बाहेरच्यांना बंद करून टाका.

लोकांच्या नोंदी घ्यायचा फॉर्म मे महिन्यात तयार झाला. जागा, पाणी घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत की त्याहून वर, आणि हवा तर फोटो. मोबाइलची जागा ब्राउझर फक्त एचटीटीपीएसवरच देतो, तेव्हा प्रमाणपत्र आधी घ्या. लेट्स एन्क्रिप्टचं फुकट मिळतं, ९० दिवस चालतं, नूतनीकरण आपोआप होतंय ना ते एकदा तपासा. जागेबरोबर अचूकतेचा आकडाही मीटरमध्ये येतो, तो टेबलात साठवा. पुलाखाली, उंच इमारतींच्या मध्ये तो शंभरच्या वर जातो, आणि शंभर मीटर म्हणजे नौपाड्यात पलीकडची गल्ली. शंभरच्या वरच्या नोंदीला आम्ही माणसालाच नकाशावर बोट ठेवायला लावतो.

पहिली चाचणी नोंद टाकली आणि नकाशावर काहीच दिसलं नाही. ती होती नॉर्वेच्या उत्तरेला, समुद्रात. जिओजेसन (नोंदी मजकूर म्हणून पाठवायचं स्वरूप) रेखांश आधी लिहितं, लीफलेटचा मार्कर अक्षांश आधी मागतो. ठाण्याचे १९.२ आणि ७२.९७ उलटे झाले की बिंदू थेट तिथे जातो. ठाण्यातला बिंदू हरवला तर आधी तिथे जाऊन बघा. हाच उलटेपणा डब्ल्यूएमएसच्या १.३.० आवृत्तीत ईपीएसजी ४३२६ (साधे अक्षांश-रेखांश) मागितल्यावरही येतो, आणि १.१.१ मध्ये येत नाही. लीफलेट ते स्वतः सांभाळतं. पण बोट ठेवल्यावर माहिती विचारणारी गेट-फीचर-इन्फो रिक्वेस्ट हाताने रचावी लागते, तिथे आपणच अडकतो: १.३.० मध्ये एसआरएस या पॅरामीटरचं नाव सीआरएस होतं, आणि एक्स-वायचं आय-जे. शिवाय जिओसर्व्हरला बफर १५ पिक्सेल द्या, नाहीतर अंगठ्याने बारीक बिंदू सापडत नाही.

फिल्टरची एक खोच आहे. एकाच रिक्वेस्टमध्ये तीन लेअर मागितल्या तर सीक्यूएल फिल्टरही (कोणत्या नोंदी दाखवायच्या याच्या अटी) तीनच हवेत, अर्धविरामाने वेगळे केलेले. ज्या लेअरला फिल्टर नको तिच्यासाठी 'इन्क्लूड' लिहायचं. दोनच दिले की सगळं चित्र कोरं. आणि हे कळत का नाही, तर जिओसर्व्हर चूक झाल्याचा संदेश एक्सएमएलमध्ये पाठवतो पण स्टेटस २००, म्हणजे 'सगळं ठीक', देतो. ब्राउझरच्या लेखी सगळं आलबेल. तपासताना एक्सेप्शन्सचा पर्याय 'इन-इमेज' करा, म्हणजे चूक टाइलवरच लिहून येते.

पावसाची लेअरही हवी होती. नासाच्या जीआयबीएस या चित्रसेवेवर आयमर्गचा, म्हणजे उपग्रहांवरून अंदाजलेला, पाऊस फुकट मिळतो, दर अर्ध्या तासाचा, टाइम पॅरामीटर देऊन. दोन दिवसांत जोडून झाली आणि दिसायला फार देखणी होती. मग हिशेब मांडला: एक चौकोन ०.१ अंशाचा, म्हणजे सुमारे ११ किलोमीटरचा. अख्खं ठाणे दोन-चार चौकोनांत संपतं. आणि सर्वांत लवकर मिळणारा डेटाही सुमारे चार तास जुना. तलावपाळीला आत्ता कोसळतोय का हे त्यावरून सांगणं म्हणजे लोकांची दिशाभूल. काढून टाकली. त्याऐवजी भरतीची वेळ ठेवली, कारण मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्याचं पाणी खाडीत उतरत नाही. खाडीपलीकडे नवी मुंबईत सिडकोने याच कारणासाठी पाणी तात्पुरतं साठवणारे धारण तलाव बांधले आहेत. भरतीचं भाकीत मुंबईच्या किनाऱ्याचं असेल तर खाडीच्या टोकाला भरती त्याहून उशिरा पोचते, तेव्हा 'मुंबईची वेळ' असं स्पष्ट लिहा.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला जोराचा पाऊस झाला. सकाळी आठला नौपाड्यातून नोंदी आल्या, नकाशावर निळे ठिपके उमटले, आनंद झाला. दुपारी बाराला पाणी ओसरलं होतं. दोनला ठिपके तसेच. तीनलाही तसेच, जरी फिल्टर 'गेल्या तीन तासांतल्या नोंदी' असा होता. नकाशा बघून कुणी रिक्षा वळवून लांबचा रस्ता धरला असेल या विचाराने पोटात गोळा आला.

कारण असं होतं. फॉर्म वेळ साठवत होता भारतीय, पण कॉलम टाइमझोन नसलेला. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर. सकाळी आठची नोंद '०८:००' म्हणून बसली तेव्हा सर्व्हरच्या मते वाजले होते अडीच, म्हणजे नोंद साडेपाच तास भविष्यातली. ती तीन तास जुनी व्हायला सर्व्हरच्या घड्याळात अकरा वाजावे लागतात, आणि ते आपले दुपारचे साडेचार. तीन तासांची नोंद साडेआठ तास ताजी राहिली. कॉलम टाइमझोनसह असलेल्या प्रकाराचा करा, आणि जुन्या नोंदी बदलताना त्या 'एशिया-कोलकाता'च्या आहेत असं स्पष्ट सांगूनच बदला. टाइम पॅरामीटरही नेहमी यूटीसीत, शेवटी झेड लावून. भविष्यातली नोंद आलीच तर टेबलानेच ती नाकारावी अशी अटही घातली आहे.

एवढं करूनही काही जणांना जुनंच चित्र दिसत होतं. इथे तीन कॅशे (एकदा काढलेलं चित्र साठवून तेच पुन्हा देणारे साठे) एकावर एक बसलेले असतात. जिओसर्व्हरच्या आतला: त्याच्या पत्त्यावर गेलेल्या रिक्वेस्टमधल्या फिल्टरची नोंद लेअरच्या सेटिंगमध्ये केलेली नसेल तर तो फिल्टर सोडून साठवलेली टाइल देतो. बदलत्या लेअरसाठी तो बंदच करा. मग ब्राउझरचा: चित्र मागण्याचा पत्ता (यूआरएल) तोच असेल तर चित्र तेच. यावर सगळे सांगतात की पत्त्याला मिलिसेकंदातली वेळ चिकटवा. आम्ही चिकटवली, आणि पुढच्याच पावसात सर्व्हर आडवा झाला. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक टाइलचा पत्ता वेगळा, त्यामुळे तिसरा कॅशे, एनजिनएक्सचा, निकामी. मोबाइलच्या एका पडद्यावर एका लेअरच्या पंधरा-वीस टाइल येतात, आमच्या पाच लेअर होत्या, दर मिनिटाला ताज्या होणाऱ्या. म्हणजे एका माणसामागे मिनिटाला शंभरेक चित्रं नव्याने काढायची.

उपाय म्हणजे वेळ पाच मिनिटांवर गोल करून पत्त्याला लावायची. ८:४१ आणि ८:४४ दोन्हीला ८:४० चा पत्ता. मग शंभर माणसं आली तरी चित्र एकदाच काढलं जातं. फक्त एनजिनएक्सला सांगा की एक्सएमएल उत्तर साठवू नकोस, नाहीतर स्टेटस २०० घेऊन आलेली चूक पाच मिनिटं सगळ्यांना वाटली जाते. त्याच आठवड्यात प्रभागांच्या हद्दी, नाले आणि नावं या तीन लेअर कायमच्या टाइलमध्ये टाकल्या. त्या बदलतच नाहीत, त्यांना डायनॅमिक ठेवण्याचं काही कारणच नव्हतं. चौथी, यादीतली नेहमीची ठिकाणं, पाच मिनिटांच्या वेळेसह डब्ल्यूएमएसवरच आहे, कारण तिच्यावरची पाण्याची पातळी नोंदींवरून ठरते. लोकांच्या नोंदी जिओजेसन म्हणून पाठवायला लागलो. काही शे बिंदूंना चित्र काढायची गरज नसते. हजारोंच्या घरात गेले तर मात्र पुन्हा सर्व्हरकडेच वळावं लागेल.

जिओजेसनचे दोन त्रास सांगतो. दर मिनिटाला लेअर रिकामी करून भरली की वाचत असलेला पॉपअप मिटतो, तेव्हा नोंदीच्या क्रमांकाने जुळवून बदललेले बिंदूच बदला. आणि कमकुवत नेटवर्कवर आधीची रिक्वेस्ट नंतर पोचते, नव्या उत्तरावर जुनं बसतं. प्रत्येक रिक्वेस्टला क्रमांक द्या आणि शेवटच्या क्रमांकाचंच उत्तर स्वीकारा. टॅब मागे गेला असेल तर मागणं थांबवा, लोकांचा डेटा आणि बॅटरी वाचते.

नवी वेळ लावायला लीफलेटच्या डब्ल्यूएमएस लेअरचं सेट-पॅरम्स वापरलं की नकाशा क्षणभर कोरा होतो, आणि पावसात कोरा नकाशा 'पाणी नाही' असा वाचला जातो. म्हणून नवी लेअर अपारदर्शकता शून्य ठेवून खाली चढवायची, तिचा 'लोड' इव्हेंट आला की दिसती करायची आणि मगच जुनी उतरवायची. 'टाइल-एरर' आला तर जुनीच राहू द्यायची.

पण मग जुनी राहिली आहे हे माणसाला कळायला हवं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा बदल केला तो हाच. नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात वेळ: 'नोंदी ८:४२ पर्यंतच्या'. ही वेळ ब्राउझरच्या घड्याळातून घेऊ नका, सर्व्हरने उत्तरासोबत पाठवलेली घ्या. पंधरा मिनिटांत नवं उत्तर आलं नाही तर सगळे ठिपके राखाडी होतात आणि वेळेची पट्टी लाल होते. प्रत्येक ठिपकाही त्याच्या वयाप्रमाणे फिकट होत जातो: पहिला तास गडद, तिसऱ्या तासाला जेमतेम दिसेल इतका. त्यानंतर तो नकाशावरून जातो, टेबलातून नाही. त्या नोंदी पुढच्या अर्जाला जोडायच्या आहेत. तो यंदा नोव्हेंबरातच टाकायचा आहे, आणि या वेळी यादीसाठी एक, नाल्यांसाठी एक, असे दोन.